पोपटीचं मडकं आणि पाडांगची ताटं

हॉटेलात गेल्यावर बाई मेन्यूकार्डाची कोणती बाजू आधी वाचते? उजवी! डावीकडे पदार्थांची नावं आणि उजवीकडे आकडे. आपली नजर आधी आकड्यांवरून फिरते आणि मग हळूच डावीकडे वळते. 'मला काय, काहीही चालेल' हे वाक्य त्या आकड्यांमधूनच जन्माला येतं. मुलांनी मागवलेलं उरलं तर ते आपलं, असा आपला हिशेब!

इंडोनेशियात अशी हॉटेलं आहेत की जिथं मेन्यूकार्ड हा प्रकारच नाही. सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाडांग नावाचं शहर आहे. तिथल्या पद्धतीचं जेवण 'नासी पाडांग' म्हणून साऱ्या देशात मिळतं. नासी म्हणजे शिजलेला भात. हॉटेलच्या काचेत पदार्थांच्या थाळ्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या रस्त्यावरूनच दिसतात. आपण आत जाऊन बसायचं, काही मागवायचं नाही. वाढपी येतो तोच दोन्ही हातांवर ताटल्यांची चळत घेऊन. मनगटापासून पार कोपरापर्यंत ताटल्या, आणि एकही पडत नाही! बघता बघता टेबलावर दहा-पंधरा पदार्थ मांडले जातात. नारळाच्या दुधात तासन् तास आटवून कोरडं केलेलं 'रेंदांग', कोवळ्या फणसाची रस्साभाजी, हळदीच्या रश्शातले मासे, टॅपिओकाच्या झाडाचा पाला, तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मधे वाफाळता भात आणि हात बुडवायला पाण्याची वाटी, कारण जेवायचं ते हातानंच. पाहिजे ते खायचं, नको त्याला हात लावायचा नाही. शेवटी जे खाल्लं त्याचेच पैसे. कोंबडीच्या चार तुकड्यांतला एक घेतला तर एकाचेच.

आणि न शिवलेल्या ताटल्या? त्या परत जातात, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. आपल्याकडच्या सासूबाईंना हे पटवणं कठीण आहे. 'ताटासमोर आलं म्हणजे उष्टंच की' असं त्या नक्की म्हणतील!

या हॉटेलला तिथं म्हणतात 'रुमाह माकान'. रुमाह म्हणजे घर आणि माकान म्हणजे खाणं. म्हणजे सरळ सरळ आपली खानावळच. तिथल्या भाषेत आपल्या ओळखीचे शब्द वाटेत भेटतातच. चव म्हणजे 'रासा', साखर म्हणजे 'गुला', उपवास म्हणजे 'पुआसा'. बायकोला म्हणतात 'इस्त्री', ती आपल्या 'स्त्री'वरून आलेली. आणि नवऱ्याला? 'सुआमी'! आता हा शब्द कुठून गेला ते सांगायला नकोच. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जहाजांतून संस्कृत तिकडे गेली आणि नवऱ्याचा स्वामीपणा सामानात बरोबर गेला, असं दिसतं.

पण गंमत पुढेच आहे. ज्या लोकांचं हे पाडांगी जेवण, ते मिनांगकाबाऊ. त्यांच्यात वडिलोपार्जित घर आणि भातशेती आईकडून मुलीकडे जाते. धर्मानं मुसलमान, तरी ही रीत त्यांनी जपलेली आहे. जगातल्या मातृवंशी समाजांत हाच सगळ्यांत मोठा. घर बहिणीचं, शेत बहिणीचं, तेव्हा तरुण मुलग्यानं काय करायचं? त्यानं घराबाहेर पडायचं, मुलूख पाहायचा आणि कमवायचं. या बाहेर पडण्याला त्यांच्यात मोठा मान आहे, त्याला वेगळा शब्दही आहे, 'मेरांताऊ'. असे बाहेर पडलेले पुरुष गावोगाव खानावळी काढत गेले. म्हणून जाकार्तापासून लहानशा तालुक्याच्या गावापर्यंत पाडांगचं हॉटेल सापडतं. शेताच्या कागदावर बाईचं नाव लागलं, तर पुरुष झकास स्वयंपाक शिकतात, असा त्याचा अर्थ काढायचा का? मी तरी काढते!

असो. पेण-रोह्याच्या बाईला सुमात्राला कोण नेणार! पण नेलंच, तर तिथल्या टेबलावर ती फारशी बावरणार नाही. खाडीकाठच्या खारेपाटातल्या तळ्यांतला आपला जिताडा घ्या. पेण-अलिबागकडे पाहुण्याच्या मानाचा मासा तो. कामं करून घ्यायची तर साहेबाच्या घरी जिताडा पोचवावा, असं गमतीनं म्हणतात. हाच मासा इंडोनेशियात 'काकाप पुतिह' या नावानं खातात. हळदीची पानं आपण पातोळ्यांना वापरतो, तिथं ती गाठ मारून रश्शात सोडतात. गवती चहा आपण चहात घालतो, ते कालवणात घालतात. सुका जवळा आपल्या डब्यात असतो, तर तिथं कोळंबी-जवळ्याची आंबवलेली वडी, 'तेरासी', तव्यावर भाजून मिरचीबरोबर वाटतात. भातशेतीच्या बाबतीत मात्र ते आपल्यापेक्षा काटेकोर. शेतात उभा तो 'पादी', सडलेला तो 'बेरास' आणि शिजलेला तो 'नासी'. आपल्याकडे शेतात लावला तो भात आणि पानात वाढला तोही भात. मधल्या वेळात तेवढा तो तांदूळ होतो.

आणि पापड! पेणचे पोह्याचे पापड माहीत नाहीत असं मराठी घर विरळाच. पोह्यांचं पीठ, मिरची, पापडखार, मग कुटून कुटून मऊ केलेला गोळा, आणि घराघरांतून चालणारी लाटणी. पूर्व जावातल्या सिदोआर्जोला असंच नाव आहे, कोळंबीच्या 'क्रुपुक'साठी. टॅपिओकाचं पीठ आणि कोळंबी एकत्र मळतात, त्याचे लांब रोळे उकडतात, पातळ चकत्या कापतात आणि उन्हात वाळवतात. तळला की तोही असाच फुलतो. फरक एवढाच, की तो भाताबरोबर रोज लागतो. आपला पापड अजूनही 'पाहुणे आलेत, दोन पापड तळ गं' याच वर्गातला. लाटणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते आणि पाकिटावर गावाचं नाव येतं. तिचं नाव कशावरच येत नाही.

मग प्रश्न असा, की बाहेरून आलेल्या माणसाला पेणला किंवा रोह्याला इथलं जेवण जेवायचं असेल तर त्यानं बसायचं कुठं? मुंबई-गोवा रस्त्यानं जा. वडखळ, नागोठणं, कोलाड. रस्त्यालगतच्या पाट्या वाचत गेलं तर 'मालवणी' दिसतं, 'पंजाबी-चायनीज' दिसतं, हल्ली 'आगरी-कोळी' ही पाटीही दिसू लागली आहे, आणि ते चांगलंच झालं. पण वालाचं बिरडं? ज्या बिरड्याशिवाय रोह्याच्या कायस्थ घरात सण पार पडत नाही, ते हायवेवर फार क्वचित भेटतं. रोहा म्हणजे सी. डी. देशमुखांचं गाव. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ सालचे. त्यांचा जन्म महाडजवळच्या नात्याचा, पण बालपण रोह्यात गेलं. अशा गावातलं बिरडं हॉटेलात का मिळू नये?

मिळत नाही, कारण बिरडं म्हणजे वेळ. कडवे वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. सहा माणसांचं बिरडं सोलायला एकटीला तास-दीड तास सहज लागतो. म्हणून तर पूर्वी पाटावर चौघीजणी गोल करून बसायच्या आणि गप्पांच्या नादात परात भरायची. सोललेल्या डाळिंब्या नीट शिजवायच्या, पण मोडता कामा नयेत. वर नारळाचं दूध किंवा ओलं खोबरं, आमसूल, गुळाचा खडा. चव उतरली की भाताबरोबर दुसरं काही नको. आता सांगा, थाळीच्या दरात हा दीड तास कुठल्या रकान्यात धरायचा? वाल, नारळ आणि गॅस यांचे पैसे धरता येतात. सोलण्याचे पैसे कुणी धरतच नाही, कारण ते घरात कधी धरलेलेच नव्हते.

एसटी स्टँडांच्या आसपास घरगुती खानावळी असतात. बाहेरच्या खोलीत चार टेबलं, आत चूल म्हणजे गॅस आणि दारात चपलांचा ढीग. अशा एकीत मी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वांग-वालाचं कालवण आणि सोलकढी जेवले. भाकरी तव्यावरून थेट पानात येत होती. बाईंना विचारलं, "तुम्ही कधी जेवता?" तर त्या हसल्या. "साडेतीनला. तेव्हा कालवण संपलेलं असतं, मग चटणी-भाकरी." मी म्हटलं, "दर वाढवा की." त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हणतं, घरगुतीच तर आहे!"

'घरगुती' म्हणजे स्वस्त, हे समीकरण कुणी बसवलं कोण जाणे. मुंबईच्या गिरणगावात याच समीकरणावर हजारो गिरणी कामगार जेवले. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे पुरुष आणि त्यांना दोन वेळचं घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. पैसे महिन्यानं मिळायचे, किराणा मात्र रोज लागायचा, म्हणून या बाया सावकाराच्या फेऱ्यात अडकलेल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खानावळवाल्यांसाठी. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. घरात बसून दहा माणसांचं जेवण करणं हा धंदा आहे आणि तो करणारी बाई कर्जदार म्हणून बँकेत उभी राहू शकते, हे तेव्हा पहिल्यांदा कागदावर आलं. आज गावोगावचे बचत गट मसाले-पापड करतात, त्यांनी आपल्या या थोरल्या बहिणीची आठवण ठेवायला हरकत नाही.

या दोन गावांची आणखी एक चव आहे, ती मात्र आता इथं फारशी उरली नाही. बेने इस्रायल म्हणजे आपले 'शनिवार तेली'. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ज्यू लोक. त्यांची आडनावंच पेणकर, रोहेकर. मराठी बोलणारे, नारळात जेवणारे. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा त्यांचा धर्माचा नेम, म्हणून मटणात दह्याऐवजी नारळाचं दूध. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावानं ते 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोडवा आणि फळं असं ताट. पोहे आपलेच, पण प्रार्थना हिब्रूत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. पेणला सिनेगॉग आहे, पण पेणकरांचा मलिदा खायचा तर आता बहुधा इस्रायलमधल्या पेणकरांकडेच जायला हवं.

आता पोपटी. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की रायगडात पोपटीची हाळी सुरू होते. पोपटी हे हॉटेल नव्हे आणि स्वयंपाकही नव्हे. शेताच्या कडेला, रात्रीच्या गारव्यात, मडक्यात केलेलं ते जेवण. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. भांबुर्ड्याचा पाला आणायचा, तो या दिवसांत शेताच्या बांधावर फुकट उगवतो आणि त्याचा वास उग्र असतो. मडक्याच्या तळाशी तो दाबून भरायचा. मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधे बटाटे, रताळी, कांदे, अंडी. मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून आत ठेवायची. शाकाहारी मंडळींनी तो थर गाळायचा. वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडकं उपडं मांडायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या, गोवऱ्या यांचा जाळ. पाणी नाही, तेल नाही. पाल्याचा आणि शेंगांचा ओलावा हीच वाफ. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र होऊन पाणी क्षणात उडालं की झाली पोपटी! मग ते सगळं केळीच्या पानांवर ओतायचं आणि भोवती बसून तोंड भाजेस्तोवर खायचं. दक्षिण गुजरातेत वलसाडकडे असंच मडक्यात 'उंबाडियुं' करतात, म्हणजे ही चव किनाऱ्यानं वरपर्यंत गेलेली आहे.

आता यातली मेख बघा. जाळ कोण करतं? मडकं कोण भरतं? बहुतेक ठिकाणी पुरुष! ज्या घरात चहाचा कप कुणी उचलून ठेवत नाही, त्याच घरातला माणूस त्या रात्री पालाही तोडून आणतो आणि कोंबडीला मसालाही चोळतो. (मसाला वाटून दिलेला कुणी असतो, ते विचारू नका.) भांडी नाहीत, ओटा पुसणं नाही, कुणाला गरम वाढायला उठायचं नाही. सगळ्यांबरोबर, त्याच वेळी, त्याच पानावर बाईचा हात पडतो. वर्षातून असं किती वेळा होतं? म्हणून मला पोपटीचं कौतुक जरा जास्तच आहे. पण कितीतरी ठिकाणी 'पोपटी पार्टी' ही फक्त पोरांची आणि मित्रमंडळींची असते, बायका घरी, हेही खरं. अशा घरातल्या मैत्रिणींनी एखाद्या शनिवारी आपलंच मडकं लावावं. जाळ करायला काही शास्त्र लागत नाही.

हल्ली फार्महाऊसवर आणि कृषी पर्यटनात पोपटी पैसे देऊन मिळते. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला आलेली शहरातली पोरंपोरीही संध्याकाळी ती मागतात. यात वाईट काही नाही. भांबुर्ड्याला आणि मडक्याला किंमत आली तर बरंच आहे. फक्त एक गोष्ट मनात येते. वाल हे पीक भातकापणीनंतर त्याच शेतात, जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि दंवावर येतं. त्याला पाणी लागत नाही, खत फारसं लागत नाही, उलट मुळांच्या गाठी जमिनीला नत्र देऊन जातात. त्याला लागतं ते शेत. आणि शेतंच विकली जात आहेत. ज्या फार्महाऊसच्या हिरवळीवर पोपटी लागते, तिथं कालपरवापर्यंत वालच होता, असंही दिसतं.

पेण तालुक्यानं हा प्रश्न एकदा मताला टाकलेला आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी जाणार होत्या, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत जनमत घेतलं गेलं. शेत द्यायचं की नाही असं सरकारनं शेतकऱ्याला विचारावं, हे आपल्या देशात दुर्मीळच. मोठ्या संख्येनं लोक बाहेर पडले, कौल नकाराचा गेला, आणि पुढे तो सेझ बारगळला. पण ते मतदान होतं जमीनधारक शेतकऱ्यांचं. म्हणजे लावणीला कमरेत वाकणारी, वालाच्या शेंगा खुडणारी बाई, तिचं नाव सातबाऱ्यावर असेल तरच विचारली जाणार.

कायदा आता आपल्या बाजूनं आहे बरं का. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलग्याइतका वाटा मिळाला. ९ सप्टेंबर २००५ला ती लागू झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर वाद चालू होता. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'तशी गरज नाही' असं स्पष्ट सांगितलं. तरीही जमिनीचा सौदा ठरला की बहिणीला फोन येतो, "जरा सहीला ये गं." ती येते, हक्कसोडपत्रावर सही करते, साडी घेऊन परत जाते. माहेर तुटू नये म्हणून करते, हे काय मला कळत नाही? पण सही करायच्या आधी कागद वाचायला मागितला म्हणून कुठलं माहेर तुटत असेल, तर ते किती घट्ट होतं याचाही विचार करावा. सुमात्रातल्या त्या मिनांग बाईला असा फोन येत नाही. तिच्याकडे भाऊच विचारायला येतो.

पोपटीचा हंगाम सरता सरता फणसाला कुयऱ्या लागतात. तेव्हा पाडांगच्या टेबलावरची एक ताटली आपल्या घरी करून बघा. 'गुलाई नांगका' म्हणजे कोवळ्या फणसाचं कालवण. सामान जवळजवळ सगळं परसात सापडतं.

हाताला तेल लावून कुयरी साल काढून चिरा, मोठ्या फोडी करा, मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धवट उकडून निथळा. लहान कांदे, लसूण, आलं, ओली हळद असल्यास तिचा तुकडा, धणे आणि लाल मिरच्या वाटून घ्या. तिकडे आल्याबरोबर त्याच्याच जातीचं 'लंक्वास' नावाचं मुळंही घालतात, पण ते नसलं म्हणून अडत नाही. एका नारळाचं दूध काढा, पहिलं दाट आणि दुसरं पातळ वेगवेगळं ठेवा. थोड्या खोबरेल तेलावर वाटण परता. त्यात गवती चह्याची पात ठेचून आणि गाठ मारून टाका, हळदीचं पान असलं तर तेही तसंच. (हळदीचं पान श्रावणात मिळतं आणि कुयरी उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्यामुळे दोघांची गाठ पडणं अवघड. पण काहीजणी पानं सुकवून ठेवतात.) वाटणाला तेल सुटलं की फोडी आणि पातळ दूध घालून मंद आचेवर शिजवा. फणस मऊ झाला की दाट दूध घाला आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर दूध फाटतं. मीठ, आणि आंबटाला चिंचेचा कोळ किंवा आपलं आमसूल. ते लोक कालवणात गूळ घालत नाहीत, आपल्याला हात आवरता आला तर बघा.

सोबत भात आणि पेणचा पापड. सगळं एकदमच टेबलावर नाहीतर पाटावर मांडा, भाताचं पातेलंसुद्धा, म्हणजे कुणाला वाढायला उठावं लागणार नाही.